कोणाला सांगायचं नाही : भोपाळ, 2-3 डिसेंबर 1984

जुलै 1982. अजून 29 महिने.

युनियन कार्बाइडच्या अमेरिकेतल्या मुख्यालयाने पाठवलेल्या तीन तज्ज्ञांनी मे महिन्यात भोपाळचा कारखाना तपासला होता. आता अहवाल तयार झाला. एकूण 61 धोके, त्यांतले 30 मोठे, आणि त्या तिसांतले 11 फॉस्जीन व मिथाइल आयसोसायनेट (एमआयसी) या विषारी रसायनांच्या विभागांत. शेरा : व्यावसायिक, गोपनीय. कारखान्याच्या भिंतीला लागून जयप्रकाश नगरच्या झोपड्या होत्या. तिथे या अहवालाची कुणकुणही पोचली नाही.

आजच्या आयटी कंपनीत नवा माणूस रुजू झाला की त्याला माहितीचे चार कप्पे पढवले जातात : सार्वजनिक, अंतर्गत, गोपनीय, अतिगोपनीय. कागद बाहेर फुटला तर कंपनीचं किती नुकसान, यावर त्याचा कप्पा ठरतो. कागद बाहेर गेला नाही तर कोणाचं नुकसान, असा रकाना त्या तक्त्यात मी अजून पाहिलेला नाही. भोपाळचा घटनाक्रम पुन्हा वाचायचा तो त्या रकान्यासाठी.

सप्टेंबर-ऑक्टोबर 1982. 26 महिने.

राजकुमार केसवानी नावाचा तरुण पत्रकार ‘रपट’ या आपल्या छोट्या साप्ताहिकात लागोपाठ लिहितो की हे शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसलं आहे. आदल्या वर्षी फॉस्जीनच्या गळतीत अश्रफ खान हा कामगार गेला होता, तिथून केसवानींनी धागा पकडला. आतले कागद त्यांनी मिळवले. कंपनीच्या भाषेत हा माहितीचा भंग. भोपाळमध्ये माहिती फुटली ती एवढीच, आणि तीही कोणी मनावर घेतली नाही. डिसेंबरात विधानसभेत कामगारमंत्र्यांनी सांगितलं की कारखाना काही उचलून दुसरीकडे ठेवायचा दगड नव्हे, आणि धोका काही नाही.

11 सप्टेंबर 1984. 82 दिवस.

वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट गावच्या कारखान्याबद्दल कार्बाइडचं एक अंतर्गत टिपण तयार होतं. एमआयसीच्या टाकीत प्रक्रिया बेकाबू होऊन भयंकर अपघात होऊ शकतो, असा त्यात इशारा आहे. तेच रसायन भोपाळच्या टाक्यांतही होतं. टिपण भोपाळला पाठवलं गेलं नाही. ते उजेडात आलं जानेवारी 1985 मध्ये, अमेरिकी खासदार हेन्री वॅक्समन यांच्याकडून.

2 डिसेंबर, रविवार, रात्री 9.30 च्या सुमारास.

टाकी क्रमांक 610. आत सुमारे 42 टन एमआयसी. हे रसायन शून्याच्या आसपास थंड ठेवायचं, पण थंड करणारी यंत्रणा जूनपासून बंद होती. वायू निकामी करणारा स्क्रबर ‘स्टँडबाय’वर होता. वायू जाळणाऱ्या मनोऱ्याच्या पाइपाचा गंजलेला तुकडा काढून ठेवलेला, म्हणून मनोराही बंद. त्या रात्री पाइप पाण्याने धुण्याचं काम चाललं होतं, आणि पाणी पुढे सरकू नये म्हणून बसवायची चकती बसवलीच नव्हती. पाणी टाकीत गेलं ते याच वाटेने, असं कामगारांचं आणि बहुतेक तपासनीसांचं म्हणणं. कोणीतरी मुद्दाम नळी जोडली, असं कंपनी अखेरपर्यंत सांगत आली.

कामाच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या. त्या नीट वाचू शकतील असे कामगार थोडेच होते. त्या कागदांवर ‘गोपनीय’ लिहायची गरजच नव्हती.

10.45. पाळी बदलते. थोड्या वेळापूर्वी दाब 2 पीएसआय होता, अकराला 10. टाकीत नायट्रोजन भरल्यावर इतका दाब असायचाच, म्हणून कोणी दचकलं नाही.

11.30. डोळे चुरचुरू लागतात. गळतीची कुजबुज होते. थोडीफार गळती इथे रोजचीच, चहा झाल्यावर बघू असं ठरतं.

3 डिसेंबर, 12.15 ते 12.40.

चहा. मग दाब 30, आणि काही मिनिटांत काटा 55 च्या टोकाला जाऊन अडकला. त्यापुढे मोजपट्टीच नाही. ऑपरेटर सुमन डे टाकीकडे धावले. टाकीवरचं काँक्रीट तापलं होतं, आतून घरघर ऐकू येत होती, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ते तडकलं.

12.50. भोंगा.

इथे जरा थांबायला हवं. कारखान्यात दोन भोंगे होते, एक आतल्या माणसांसाठी, एक वस्तीसाठी. पूर्वी ते एकत्र वाजत. 1982 मध्ये त्यांची जोडणी तोडली, म्हणजे आतला वाजला तरी बाहेरचा गप्प ठेवता येईल. कारण असं की बारीकसारीक गळतीने आसपासचे लोक घाबरू नयेत. कोणत्या सूचनेवर कोणाचा अधिकार, कोणाच्या कानी काय घालायचं, याचं हे शब्दशः अमलात आणलेलं धोरण होतं, आणि त्या रात्री ते चोख पाळलं गेलं. बाहेरचा भोंगा क्षणभर वाजला आणि नियमाप्रमाणे बंद केला गेला. कामगारांना वाऱ्याची दिशा ठाऊक होती, ते वाऱ्याला तोंड देऊन पळाले. बहुतेक वाचले. भिंतीपलीकडच्यांना हे सांगणारं कोणी नव्हतं. ते वायूबरोबरच, वायू वाहत होता त्याच दिशेला धावले. वायू हवेपेक्षा जड, म्हणून मुलांच्या उंचीला तो अधिक दाट. तोंडावर ओलं फडकं धरा, वाऱ्याच्या आडव्या दिशेने जा, एवढी दोन वाक्यं भोंग्यावरून कळत नसतात हे खरं. पण ती आधी कधी सांगितलीच नव्हती.

1.25 ते 2.10. पोलीस कारखान्यात फोन करतात. दोनदा उत्तर मिळतं, सगळं ठीक आहे. शेवटच्या खेपेला : काय झालंय ते आम्हाला माहीत नाही, साहेब.

याच सुमारास रेल्वे स्टेशनवर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर फलाटावर उभी गाडी वेळेआधी, वरून परवानगी न घेता सोडायला लावतात. त्यांच्याकडेही माहिती नव्हती. जळणारे डोळे होते, आणि तेवढ्यावर त्यांनी निर्णय घेतला. त्या रात्रीच्या अधिकाऱ्यांत असे फार निघाले नाहीत.

पहाट. हमीदिया रुग्णालयाच्या आवारात हजारो माणसं. डॉक्टरांना आधी कळलं अमोनिया, मग फॉस्जीन, मग एमआयसी. हे नाव बहुतेकांनी प्रथमच ऐकलं. उतारा काय? कंपनीचे डॉक्टर म्हणत होते की वायू विषारी नाही, डोळे पाण्याने धुवा. डोळ्यांत थेंब आणि ऑक्सिजन एवढ्यावर निभवायचं होतं. काही दिवसांनी अमेरिकेतून कंपनीच्या वैद्यकीय प्रमुखाची तार आली : सायनाइडचा संशय असेल तर सोडियम थायोसल्फेट द्या. पुढे ती सूचना मागे घेतली गेली. शवविच्छेदन करणारे डॉ. हीरेश चंद्र त्याच औषधाचा आग्रह धरत होते. त्या ढगात नेमकं काय काय होतं आणि ते शरीरात काय करतं, याबद्दल कंपनीने आपलं संशोधन कधीच पूर्णपणे खुलं केलं नाही, अशी पीडितांच्या संघटनांची तक्रार आजही आहे.

नंतरची घड्याळं वेगळ्या गतीची. मध्य प्रदेश सरकारने पुढे मृत्यूंचा आकडा 3,787 धरला. संघटना तो कितीतरी पट मोठा मानतात. अमेरिकेने 1986 मध्ये कारखान्यांनी आसपासच्या लोकांना रसायनांची माहिती द्यावी असा कायदा केला. आपल्याकडे 1987 मध्ये कारखाने कायद्यात कलम 41ब आलं. धोक्याची, आरोग्यावरील परिणामांची आणि उपायांची माहिती कामगारांना, मुख्य कारखाना निरीक्षकांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेला देणं मालकावर बंधनकारक झालं. म्हणजे हीसुद्धा माहितीची वर्गवारीच, फक्त उलट्या बाजूने : कोणाला कळलंच पाहिजे, याची.

9 ऑगस्ट 2012. सर्वोच्च न्यायालय गॅसपीडितांच्या वैद्यकीय नोंदी संगणकावर आणा असा आदेश देतं. त्याच वर्षी साकेत नगरात एम्स सुरू होतं. गेल्या काही वर्षांत कर्करोग झालेले गॅसपीडित तिथे उपचारांना जातात. पण गॅसपीडितांसाठी शहरात सरकारच्या गॅस राहत विभागाची वेगळी रुग्णालयं आहेत, आणि कोणाच्या छातीत 1984 नंतर काय काय झालं, याच्या नोंदी त्यांच्या कपाटांत. जबलपूरचं उच्च न्यायालय संगणकीकरण कुठवर आलं, असं 2025 मध्येही सरकारला विचारत होतं.