पाठवणीचे गीत

कन्येला सासरी धाडण्याचा प्रसंग भारतीय वाङ्मयाला नवा नाही. ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकात कालिदासाने कण्वासारख्या विरक्त ऋषीचाही कंठ दाटलेला दाखविला आहे, मग संसारी मातापित्यांची कथा काय सांगावी! परंतु हा करुण रस पिढ्यान्‌पिढ्या जतन केला तो बहुधा निरक्षर स्त्रियांनी.

उरण तालुक्यातील जासई हे आगरी वस्तीचे गाव. भात व मीठ पिकविणाऱ्या या समाजात लग्नाचे विधी गीतांनी पार पाडणारी स्त्री ती धवलारीण, आणि तिची गीते ते धवले. हा शब्द केवळ खाडीकाठचा नव्हे. तेराव्या शतकातील आद्य मराठी कवयित्री महदंबा हिच्या विवाहगीतांनाही ‘धवळे’ असेच नाव आहे.

त्या काळच्या अश्रूंना सबळ कारण होते. १९३० साली अमलात आलेल्या शारदा कायद्यानेही मुलीच्या विवाहाची किमान वयोमर्यादा अवघी चौदा वर्षांची ठरविली. तत्पूर्वी तर खेळत्या वयातील पोर परक्या घरी जाई, आणि माहेरची वाट दुर्लभ होई.

विसाव्या शतकाच्या मध्यास पी. सावळाराम यांनी लिहिलेले, वसंत प्रभू यांनी स्वरबद्ध केलेले व लता मंगेशकर यांनी गायिलेले ‘गंगा जमुना’ हे गीत ध्वनिमुद्रिकेवरून घरोघर पोहोचले. धवला एका समाजाचा, एका बोलीचा. तबकडीला मात्र ज्ञाती नव्हती. गीतातील मुलगी निनावी, म्हणून ती कोणाचीही लेक होऊ शकली. धवलारणीचे काम जणू तबकडीने पत्करले.

पुढे काळ पालटला. १९७० नंतर नवी मुंबईसाठी या परिसरातील शेते संपादिली गेली. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या शेतकऱ्यांनी न्याय्य मोबदल्यासाठी लढा दिला. १९७८ साली वधूची वयोमर्यादा अठरा झाली. १९९४ साली महाराष्ट्राने व २००५ साली सर्व देशाने हिंदू कन्येला वडिलोपार्जित मिळकतीत पुत्राच्या बरोबरीचा हक्क दिला. २०२४ साली शिवडीहून निघालेला सुमारे बावीस किलोमीटरांचा सागरी सेतू जासईजवळ चिर्ले येथे येऊन टेकला.

वाट आखूड झाली, वय वाढले, हक्कही मिळाला. तरी पाठवणीच्या वेळी तेच गीत लागते आणि तेच डोळे भरून येतात. कारण घर सोडावयाचे ते मुलीनेच, हा रिवाज मात्र हललेला नाही. गीत त्या दुःखाचे सांत्वन करते. पण त्या रिवाजाला प्रश्न विचारीत नाही. त्याच्या चिरंजीवित्वाचे रहस्य त्याच्या माधुर्यात जेवढे आहे, तेवढेच या मौनातही आहे.