साठ दिवसांचा पाहुणा

शाळेत मी इतिहास शिकवत असे. सनावळ्या पाठ करून घेण्याबद्दल मुलांचा माझ्यावर रागच असायचा. पण "हे असं का झालं?" हा प्रश्न निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडत नाही, आणि आता तो घरच्या संगणकालाही लागू पडला आहे. नात्यातल्या कितीतरी जणांकडून गेल्या काही वर्षांत मी एकच तक्रार ऐकली. "लॅपटॉपबरोबर आलेलं ते ट्रायलचं ऑफिस काढून टाकलं आणि तेव्हापासून काही धड चालत नाही." आता घरातलं कपाट विकलं म्हणून भिंत पडत नाही. मग इथेच का पडते? याचं उत्तर शोधायला थेट १९८२ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या अँड्र्यू फ्लूगेलमन या संपादकाने टेलिफोनच्या तारेवरून दोन संगणक जोडणारा 'पीसी-टॉक' नावाचा प्रोग्राम लिहिला. तो दुकानात न ठेवता त्याने सांगितलं, की हा घ्या, वापरा, मित्रांना द्या, आवडला तर मला २५ डॉलर पाठवा. त्याच सुमारास सिएटलकडे जिम नॉफ हा आयबीएमचा नोकर 'पीसी-फाइल' नावाचा प्रोग्राम याच पद्धतीने वाटत होता. (जर्मन भाषेत नॉफ म्हणजे बटन, म्हणून तो स्वतःला जिम बटन म्हणवायचा!) दोघांचा पत्रव्यवहार झाला आणि दोघांनी एकमेकांच्या प्रोग्रामची शिफारस करायचं ठरवलं. १९८३ मध्ये बॉब वॉलेसने 'पीसी-राइट' काढला आणि या प्रकाराला 'शेअरवेअर' हे नाव रुळलं. या तिघांच्या प्रोग्रामांना मुदत नव्हती, कुलूप नव्हतं. सगळा कारभार माणसाच्या सचोटीवर. मुदतीची कुलपं नंतर आली, आणि तिथपासून मूळ कल्पनेतला भलेपणा बराच आटला असं माझं स्वच्छ मत आहे.

त्या काळी प्रोग्राम काढून टाकणं सोपं होतं. डॉसच्या जमान्यात एक प्रोग्राम म्हणजे साधारणपणे एक फोल्डर. तो पुसला की झालं. फार तर 'ऑटोएक्झेक' किंवा 'कॉन्फिग' नावाच्या फाइलीत त्याची एखादी ओळ उरायची. भाडेकरू खोली रिकामी करून गेला, दारावरची पाटी तेवढी राहिली, इतकंच.

बिघाड सुरू झाला तो विंडोजच्या काळात. १९९० मध्ये विंडोज ३.० आणि १९९२ मध्ये ३.१ आली. तेव्हा डिस्कवरची जागा महाग. म्हणून वेगवेगळ्या प्रोग्रामांना लागणारं सारखंच काम एका सामाईक फाइलीत ठेवायचं आणि सगळ्यांनी ती वापरायची, ही सोय. या फाइलींना डीएलएल म्हणतात. चाळीतल्या सामाईक नळासारखंच हे! एक बिऱ्हाडकरू नवा आला, त्याने जुनी तोटी काढून आपल्या पसंतीची बसवली, आणि जाताना ती घेऊन गेला, तर बाकीच्यांनी बादल्या घेऊन कुठे जायचं? या गोंधळाला संगणकवाल्यांनी 'डीएलएल हेल' असं नाव ठेवलं. नरकच तो.

ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आली. तिने 'अ‍ॅड/रिमूव्ह प्रोग्राम्स' ही खिडकी दिली आणि ज्या कंपनीला खोक्यावर विंडोज ९५ चं अधिकृत बोधचिन्ह लावायचं असेल, तिने आपला प्रोग्राम काढून टाकण्याची सोयही द्यावी अशी अट घातली. प्रोग्राम बसवताना तो काढायचा कसा याचाही विचार करायला लावणारी ही अट मला फार आवडते. त्याच वेळी 'रजिस्ट्री' नावाची मोठी नोंदवही कारभाराच्या मध्यभागी आली. गावाकडच्या मंडळींना सांगते, रजिस्ट्री म्हणजे संगणकाचा सातबारा. कोणता प्रोग्राम कुठे राहतो, कोणत्या जातीची फाइल कोणी उघडायची, सगळं तिथे लिहिलेलं. सामाईक फाइल किती जण वापरतात याचा आकडाही तिथेच. नवा प्रोग्राम आला की एक वाढवायचा, गेला की एक कमी करायचा, शून्य झाला की फाइल पुसायची. कागदावर उत्तम. पण सगळेच प्रोग्राम इमानदारीने आकडा वाढवत नसत. मग जाताना तो पाहुणा आपल्यालाच विचारी, "ही सामाईक फाइल आता कोणी वापरत नाही असं दिसतं, काढू का?" सामान्य माणसाने काय उत्तर द्यावं? (मी आपली सगळ्यांना 'नाही' म्हणा असं सांगत असे. अडगळ वाढते, पण घर पडत नाही.)

१९९९ साली ऑफिस २००० बरोबर 'विंडोज इन्स्टॉलर' आला. तो कोणत्या प्रोग्रामने काय काय आणलं याची यादी ठेवतो आणि एखादी वस्तू हरवली तर स्वतःच दुरुस्तीला लागतो. म्हणूनच एक ऑफिस काढलं की दुसरं, जुनं ऑफिस उघडताना दर वेळी "तयारी चालू आहे" अशी पट्टी सरकू लागते आणि ते सीडी मागतं. ते बिघडलेलं नसतं. त्याची वस्तू शेजारी घेऊन गेलेला असतो.

इथे माझ्या मामेभावाची गोष्ट सांगते. त्याने सात-आठ वर्षं खपून आमच्या आजोळचा कुळवृत्तांत टंकित केला होता. त्यातले निम्मे सांगणारे आज हयात नाहीत. त्याच्या संगणकावर जुनं ऑफिस चांगलं चालत असताना कोणा एका कंपनीचं साठ दिवसांचं ऑफिस येऊन बसलं. मुदत संपल्यावर त्याने ते काढलं आणि सकाळी पाहतो तर कुळवृत्तांताच्या सगळ्या फाइलींची चित्रं पांढरी फटक. क्लिक केलं तर "कशाने उघडू?" त्याला वाटलं, सगळं गेलं. फोनवर आवाज कापत होता.

गेलं काहीच नव्हतं. पाहुण्याने आल्याबरोबर सातबाऱ्यावर 'या फाइली मी उघडणार' असा फेरफार करून घेतला होता आणि जाताना जुन्या मालकाचं नाव परत चढवलं नव्हतं. घर जागच्या जागी, कागदावर मालक नाही. मी म्हटलं, "दादा, आधी सगळा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घे, मगच कशाला हात लाव." मग फाइलीवर उजवं क्लिक, 'ओपन विथ', जुना वर्ड निवडायचा आणि 'नेहमी हाच वापरा' या चौकोनात खूण. जुन्या ऑफिसच्या मदत-यादीतलं 'डिटेक्ट अँड रिपेअर' चालवलं तेव्हा हरवलेल्या बाकी वस्तूही परत आल्या. पणजीच्या माहेरच्या नोंदीचं पान उघडलं तसा तो फोनवरच मोठ्याने वाचू लागला.

जानेवारी २००७ मध्ये ऑफिस २००७ बाजारात आलं आणि कोऱ्या लॅपटॉपवर त्याची ६० दिवसांची चाचणी-आवृत्ती सर्रास दिसू लागली. मुदत संपली की फाइल वाचता येई, बदलता येत नसे. त्यात हे ऑफिस आपणहून 'डॉकएक्स' या नव्या जातीत जतन करी, जी जुन्या ऑफिसला जोडपॅक घातल्याशिवाय वाचता येत नसे. म्हणजे साठ दिवसांत लिहिलेलं सगळं नव्या कुलपात. या जातीला २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला, तेव्हा भारताने विरोधात मत दिलं होतं. आमच्यासारख्यांना एक गोष्ट मात्र उपयोगी पडली. डॉकएक्स ही खरं तर झिप केलेली गाठोडी असते. फाइलीची प्रत काढून नावाच्या शेवटी 'झिप' लिहिलं आणि गाठोडी सोडली, तर आत 'वर्ड' फोल्डरमध्ये 'डॉक्युमेंट' नावाच्या फाइलीत आपला सगळा मजकूर सापडतो. खुणांच्या काट्याकुट्यांत अडकलेला, पण पूर्ण.

या आगंतुक प्रोग्रामांचा लोकांना इतका वीट आला होता, की मार्च २००८ मध्ये सोनीने आपल्या काही लॅपटॉपांवरून ते काढून देण्यासाठी जवळजवळ ५० डॉलर आकारायचं ठरवलं. बोलावलं कोणी, आणि घालवायचे पैसे कोणी द्यायचे! ओरड झाली आणि ते शुल्क लगेच मागे घेतलं गेलं.

मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं 'विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप' नावाचं झाडूयंत्र होतं. ते फाइली काढत नसे, इन्स्टॉलरच्या नोंदी तेवढ्या पुसत असे. पण त्या नादात शेजारच्या प्रोग्रामांचंही नुकसान होतं असं लक्षात आल्यावर २०१० मध्ये ते मागे घेण्यात आलं. तेव्हा जुन्या सल्ल्यांत हे नाव दिसलं तर शोधत बसू नका.

मराठी लिहिणाऱ्यांना एक धीर देते. युनिकोडमधलं आपलं लेखन ऑफिस गेल्याने बिघडत नाही, कारण देवनागरीचा युनिकोड टंक विंडोजबरोबर येतो, ऑफिसबरोबर नव्हे; विंडोज २००० पासून बराच काळ तो 'मंगल' होता. युनिकोडच्या आधीच्या टंकांत लिहिलेल्या जुन्या फाइलींची गोष्ट वेगळी. तो टंक नसेल तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. मामेभावाच्या कुळवृत्तांतातली पहिली चाळीस पानं तशीच आहेत. त्याची सून सध्या ती एकेक करून युनिकोडमध्ये आणते आहे, आणि ज्यांच्याकडे कागदावरची जुनी प्रत असेल त्यांनी मला कळवावं.