‘राईस’ या इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि फिलिपाईन्समधील भाषा : एक ऐतिहासिक टिपण

प्रस्तुत लेखात ‘राईस’ या नित्य वापरातील इंग्रजी शब्दाचा फिलिपाईन्समधील भाषांच्या संदर्भात विचार केला आहे. शेतातील पीक, मळणीनंतरचे टरफलासह धान्य, भरडलेला दाणा आणि ताटातील अन्न या सर्वांना इंग्रजीत हा एकच शब्द चालतो. तागालोगमध्ये मात्र पीक व टरफलासह धान्य म्हणजे ‘पालाय’, टरफल काढलेला दाणा ‘बिगास’ आणि शिजलेले अन्न ‘कानिन’. सेबुआनोत ‘हुमाय’, ‘बुगास’, ‘कान-ओन’, तर इलोकानोत ‘पागाय’, ‘बागास’, ‘इनापुय’ हे शब्द आहेत. साळ, तांदूळ आणि भात असा भेद करणाऱ्या मराठी वाचकास ही विभागणी परिचित वाटेल. (कोकणात उभ्या पिकालाही भातच म्हणतात, हे ध्यानात ठेवावे.) याखेरीज तागालोगमध्ये खरपुडीला ‘तुतोंग’, शिळ्या भाताला ‘बाहाव’ आणि पेजेला ‘लुगाव’ म्हणतात.

व्युत्पत्तीही बोलकी आहे. ‘कानिन’ हा ‘काइन’ म्हणजे खाणे या धातूपासून झालेला शब्द. खायची वस्तू ती हीच. इलोकानो ‘इनापुय’मध्ये ‘आपुय’ म्हणजे अग्नी आहे. ‘पालाय’ हा मलय ‘पादी’चा सगोत्र शब्द, आणि इंग्रजीतील ‘पॅडी’ मलयमधूनच आला. आपली उणीव इंग्रजीने याच भाषाकुलाकडून उसनवारीने भरून काढली होती, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

स्पॅनिश भाषेतही ‘आरोस’ हा एकच शब्द. पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा यांचा तागालोग शब्दकोश १६१३ मध्ये पिला येथे छापला गेला. त्यात कॅस्टिलियन शब्द आधी व तागालोग नंतर अशी रचना आहे. परकीय शब्दाच्या छत्राखाली स्थानिक शब्द गोळा करण्याची ही पद्धत होय. १९०१ मध्ये अमेरिकन राजवटीने इंग्रजी हे शिक्षणाचे माध्यम केले आणि त्याच वर्षी ‘थॉमस’ या जहाजातून सुमारे ५०० शिक्षक मनिलात उतरले. १९३७ मध्ये तागालोगवर आधारित राष्ट्रभाषा घोषित झाली, तरी कायदा व प्रशासन यांत इंग्रजी टिकून राहिली.

हा प्रश्न केवळ कोशकारांचा नाही. २०१९ च्या कायद्याने तांदूळ आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठवून त्याऐवजी आयातशुल्क लावले. ग्राहकाला ‘बिगास’ स्वस्त मिळावा हा हेतू होता. पण त्याच वर्षी शेतकऱ्याच्या ‘पालाय’चे भाव कोसळले. १०० किलो ‘पालाय’पासून साधारणतः ६० ते ६५ किलो ‘बिगास’ मिळतो, आणि मधे गिरणीवाला व व्यापारी असतात. त्यामुळे ‘राईस स्वस्त झाला’ या वाक्यात कोणाचा लाभ व कोणाची हानी, हे कळत नाही.

तेथील इंग्रजीने यातून आपली वाट काढली आहे. शासकीय आकडेवारीत उत्पादन ‘पालाय’चे दिले जाते आणि किरकोळ भाव ‘राईस’चा. ‘कानिन’ला मात्र हे स्थान लाभले नाही, उपाहारगृहात तागालोग बोलणारा गिऱ्हाईकही आणखी भात हवा असल्यास ‘एक्स्ट्रा राईस’च मागतो.