कमाई कुणाची, पैसा कुणाच्या हातात?

आपल्या वाशी तालुक्यात खव्याच्या भट्टीपुढं बऱ्याच घरांत बाईच धग सोसते. पण खव्याचे पैसे घेऊन घरी कोण येतं? आज हाच प्रश्न सिनेमातल्या दोन बायांबद्दल विचारू.

पहिल्या हंसा वाडकर. जन्म 1923 चा, मूळ नाव रतन साळगावकर. घरी तंगी होती, म्हणून कोवळ्या वयात शाळा सुटली आणि त्या सिनेमात आल्या. 1936 च्या ‘विजयाची लग्ने’पासून घर त्यांच्या कमाईवर चाललं. लग्नानंतर संसार करावा असं त्यांच्या मनात होतं, पण काम सुटलं नाही. कामाचे व्यवहार नवरा बघायचा. 1959 साली आलेला ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात शंभरावर आठवडे चालला. लोकांनी बाईंना डोक्यावर घेतलं, पण हाती सुख आलं नाही. 1971 साली, वयाच्या 48 व्या वर्षी त्या गेल्या. हे सगळं त्यांनी ‘सांगत्ये ऐका’ याच नावाच्या आत्मकथनात न लपवता सांगितलंय. त्यावरूनच 1977 चा ‘भूमिका’ हा सिनेमा निघाला.

दुसऱ्या दुर्गा खोटे. जन्म 1905 चा, शिक्षण कॉलेजपर्यंत. घरची परिस्थिती बिघडली तेव्हा पदरात दोन मुलं होती. त्यांनी आधी शिकवण्या घेतल्या, मग 1931 साली सिनेमात छोटं काम केलं. चांगल्या घरची बाई सिनेमात गेली म्हणून लोकांनी नावं ठेवली. पुढच्याच वर्षी ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये त्या तारामती झाल्या. तेव्हा नट-नट्या एकाच कंपनीत महिन्याच्या पगारावर असायच्या. दुर्गाबाईंनी मात्र कोल्हापूरबरोबर कलकत्त्याच्या कंपनीतही काम केलं. 1937 साली ‘साथी’ हा सिनेमा स्वतः काढला. पुढं स्वतःच्या नावाची संस्था उभारून जाहिरातपट केले. 1988 साली दूरदर्शनवर लागलेली ‘वागळे की दुनिया’ याच संस्थेची. 1983 चा दादासाहेब फाळके पुरस्कारही त्यांना मिळाला.

एक हुशार आणि दुसरी भोळी, असं मात्र म्हणू नका. अभिनयात हंसाबाई कुठंही कमी नव्हत्या. एकीला शिकायला मिळालं, दुसरीची शाळा तोडली. एकीनं स्वतः व्यवहार केला, दुसरीचा दुसऱ्यांनी केला. फरक तिथं पडला.

माझं पहिलं मानधन आमच्या मालकांच्या खात्यावर जमा झालं. मी बी.ए. झालेली, पण माझं खातंच नव्हतं! मालक वाईट नव्हते, पण दहा रुपये लागले तरी मागावे लागायचे. पुढच्या महिन्यात मी आधी खातं उघडलं.

तर ताईंनो, पुढच्या बैठकीला येताना घरातलं पासबुक घेऊन या. दुधाचा, खव्याचा, शिलाईचा पैसा कुणाच्या नावावर पडतो, ते सगळ्या मिळून बघू.