शिकारी कुत्रा आणि रानाची दाटी

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्याच्या शिवारांत हिवाळ्याच्या आरंभीं उभें राहिलें, तर कापणी होऊन मोकळ्या झालेल्या धानाच्या बांध्या दूरवर दिसतात. तेथून दक्षिणेस नागझिऱ्याकडे निघालें कीं थोड्याच कोसांत झुडपें, कुसळी गवत आणि शेवटीं बांबूचीं बेटें लागतात. पक्ष्यांच्या शिकारीस नेलेल्या कुत्र्यानें या बदलाबरोबर आपली धांव किती लांबवावी आणि किती आंखडावी, या प्रश्नांत मनुष्य, हत्यार आणि रान यांचा शेंकडों वर्षांचा इतिहास गुंतलेला आहे.

आपल्याकडे कुत्र्याच्या शिकारीला राजमान्यता फार जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लासां’त ‘सारमेयविनोदा’चें प्रकरणच आहे, सारमेय म्हणजे कुत्रा. दख्खनच्या उघड्या माळावर नांवाजलेला मुधोळचा कुत्रा डोळ्यानें शिकार करणारा. ससा दृष्टीस पडावा आणि यानें वाऱ्यासारखें सुटावें. पण तोच बांबूच्या बेटांत सोडला, तर चार हातांपलीकडे कांहीं दिसत नाहीं व सारी धांव व्यर्थ जाते. दाट रानांत नाकाचें राज्य असतें.

पक्ष्यांच्या मागावरील विलायती कुत्रीं नाकाचींच. जॉन कायस या इंग्लिश वैद्यानें १५७० सालच्या आपल्या लॅटिन श्वानग्रंथांत अशा एका कुत्र्याचें वर्णन केलें आहे. पक्ष्याचा सुगावा लागतांच तो आवाज न करितां पोट जमिनीला टेकून पडे, आणि मागून शिकारी येऊन जाळें पसरी. कुत्रा पक्षी उठवीत नसे, म्हणून तो थोडा दूर गेला तरी बिघडत नसे. पुढें बंदूक आली. छऱ्याची बंदूक तीस-चाळीस यार्डांपलीकडे भरंवशाची नाहीं. त्यामुळें झुडपांत घुसून पक्षी उठविणाऱ्या स्पॅनियलला त्या टप्प्याच्या आंतच हिंडावें लागे. पक्ष्याच्या वासावर थबकून उभा राहणाऱ्या पॉइंटरला मात्र उघड्यावर पुष्कळ मोकळीक मिळे.

हीं कुत्रीं साहेबलोकांबरोबर हिंदुस्थानांत आलीं. कापलेल्या शेतांत लाव्यांसाठीं रुंद फेऱ्या घेणें त्यांच्या अंगवळणीचें होतें. पण तित्तिराशीं गांठ पडली कीं फजिती होई. हा पक्षी दबून बसण्याऐवजीं झुडपाआडून पायीं पळतो. कुत्रा आपला पुतळ्यासारखा उभा, आणि तित्तिर केव्हांच पन्नास पावलें पुढें! शिवाय दिवस वर आला म्हणजे तापलेल्या गवतावर वास टिकत नाहीं, आणि कुसळें कानांत नि पंजांत शिरतात तीं वेगळींच. अशा जागीं शहाणा कुत्रा फेरी आंखडतो, वारा तोंडावर घेतो, वळून मालकाकडे पाहतो. लांब धांवणाऱ्या कुत्र्याची फुशारकी मिरविणारे हौशी शिकारी मला तरी बांबूंत कुत्रा हरवून शिट्ट्या फुंकीत बसणारे वाटतात.

फासेपारध्याला या लांब धांवेची गरजच नव्हती. पाळीव जनावराच्या आडोशानें पांखरांजवळ सरकावें आणि फासे मांडावे, ही त्याची रीत. पांखरांच्या संवयी त्याच्याइतक्या क्वचितच कोणाला ठाऊक असतील. १८७१ सालीं सुरू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याच्या कक्षेंत पुढें त्यालाही ओढलें गेलें. १९५२ सालीं ती नोंद रद्द झाली. लोकांच्या मनांतील संशय मात्र राजपत्रानें पुसला गेला नाहीं.

नागझिरा १९७० सालीं अभयारण्य झालें. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनीं हौसेची शिकार संपविली, तें योग्यच झालें. आतां त्या रानांत गांवच्या कुत्र्यानें शिरूं नये हें बरें, कारण त्याचे रोग कोळसुनाला, म्हणजे रानकुत्र्याला, जडूं शकतात. या कोळसुनांना कोणी मालक नाहीं कीं धडा देणारा नाहीं. हरणामागें धांवतां धांवतां दाट झाडींत कळप पांगला, सोबती दिसेनासे झाले, म्हणजे तीं शिट्टीसारखा आवाज काढतात आणि त्या आवाजाच्या रोखानें पुन्हां एकत्र येतात.