सरड्याची धाव, नाशिकचा मुडदूस आणि काचेच्या पेटीतला सूर्य

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण एखाद्याची कुवत तोकडी आहे हे सांगण्यासाठी वापरली जाते. सरड्यावर हा अन्याय आहे. कुंपणाच्या दगडांना सकाळी एका अंगाने ऊन लागते, दुसरे अंग सावलीत राहते, फटींत दुपारीही गारवा असतो. ज्या प्राण्याचे शरीर स्वतःची ऊब तयार करीत नाही, त्याला चार पावलांच्या अंतरात गरम, कोमट आणि थंड अशा तिन्ही जागा मिळाल्या तर तो पुढे धावेल कशाला?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या बांधांवर ही सोय फुकट आहे. मात्र ऑस्ट्रेलियाचा बिअर्डेड ड्रॅगन नावाचा सरडा नारायणगावच्या किंवा मंचरच्या एखाद्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवला, की कुंपण आणि सूर्य दोन्ही माणसाला उभे करावे लागतात. ते कसे करायचे हे माणसाला कळून जेमतेम शंभर वर्षे झाली आहेत. त्या शोधाचा एक धागा नाशिकमधून जातो.

आधी नातेसंबंध. बिअर्डेड ड्रॅगन आणि आपल्याकडचा कुंपणावरचा सरडा हे एकाच, अगॅमिडी कुळातले. ड्रॅगनचे शास्त्रीय वर्णन एर्न्स्ट आल या जर्मन अभ्यासकाने १९२६ मध्ये केले. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातील कोरड्या माळांवर, कुंपणाच्या खांबांवर आणि वाळक्या ओंडक्यांवर तो ऊन खात बसलेला असतो. म्हणजे म्हण तिकडेही चालली असती. या कुळाशी मराठीचा आणखी एक संबंध आहे. २०१६ मध्ये भारतीय संशोधकांनी गळ्याला रंगीत पंखा असलेल्या सरड्यांची एक नवी प्रजाती वेगळी काढली आणि तिला शास्त्रीय नाव दिले ‘सरडा’. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा निळ्या-काळ्या-नारिंगी गळ्याचा सरडा आता जगभरच्या ग्रंथांत याच मराठी शब्दाने ओळखला जातो.

आता लंडन. १८४९ मध्ये तिथल्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र घर उघडले. जगातले असे पहिलेच. विषुववृत्ताजवळचे साप इंग्लंडच्या हिवाळ्यात जगवायचे कसे, हा प्रश्न होता. उत्तर माणसाच्या अनुभवातून काढले गेले: पांघरूण. १८५१ मध्ये तिथल्या एका बोआने आपल्याला दिलेली घोंगडीच गिळून टाकली आणि काही आठवड्यांनी ती जशीच्या तशी ओकली. प्रसंग गमतीदार आहे, पण त्यामागचा गैरसमज गंभीर होता. घोंगडी ऊब देत नाही, अंगातली ऊब अडवून धरते. माळावर रात्र काढणाऱ्या धनगराला ती पुरते, कारण धनगराचे शरीर हीच शेगडी आहे. सापाजवळ शेगडीच नाही.

पुढे गरम पाण्याचे नळ आले. खोली सर्वत्र सारखी उबदार झाली. तरीही प्राणी टिकत नसत, विशेषतः सरडे. कोणी खाणे सोडी, कोणाचा जबडा मऊ पडे, कोणाचे पाय वाकत. ऊब आहे, अन्न आहे, मग उणे काय?

हाच प्रश्न त्या काळात माणसांच्या मुलांबाबत विचारला जात होता. मुडदूस या रोगात लहान मुलांची हाडे मऊ राहून पाय वाकतात. युरोपातील धुरकट शहरांत तो घरोघरी होता आणि थंडी, कोंदट हवा, निकृष्ट आहार अशी कारणे सांगितली जात. १९१९ मध्ये बर्लिनचे डॉक्टर कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरण देणाऱ्या दिव्यासमोर बसवले आणि त्यांची हाडे भरून आल्याचे क्ष-किरण छायाचित्रांत दाखवले. खोली तापवून जे झाले नव्हते ते डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने झाले.

पण थंड देशातल्या पुराव्यात एक अडचण राहते. तिथे ऊन कमी आणि ऊबही कमी. दोन्हींपैकी दोष कोणाचा, हे वेगळे कसे काढणार? इथे नाशिक उपयोगी पडले. हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी तिथे केलेली पाहणी १९२२ मध्ये प्रसिद्ध झाली. पडदा पाळणाऱ्या सधन कुटुंबांतील स्त्रिया आणि मुले यांच्यात मुडदूस व हाडांचा मऊपणा आढळत होता. शेतात आणि रस्त्यावर दिवस घालवणाऱ्या गरीब कुटुंबांत तो जवळजवळ नव्हता. खाण्यापिण्यात सधन घरे उजवी होती. हवा दोघांनाही तीच होती. फरक होता तो अंगावर ऊन पडण्याचा. दख्खनच्या उन्हाळ्यात, भर उष्ण प्रदेशात, भिंतीआड माणसाची हाडे उन्हावाचून उपाशी राहू शकतात, हे त्यातून दिसले. सरडा पाळणाऱ्याने एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी निम्मे काम झाले: उबदार असणे म्हणजे उन्हात असणे नव्हे.

त्यानंतरची काही वर्षे वेगाने गेली. ड जीवनसत्त्व ओळखले गेले, त्वचेवर अतिनील किरण पडले की ते शरीरात तयार होते हे समजले. कोंबड्यांच्या खाद्यात माशाच्या यकृताचे तेल घालता येऊ लागले आणि त्या प्रथमच वर्षभर छपराखाली वाढवता आल्या. आज पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात दिसणाऱ्या लांबलचक पोल्ट्री शेडची मुळे या शोधापर्यंत जातात.

लंडनमध्ये या नव्या ज्ञानाला इमारतीचे रूप दिले ते जोन प्रॉक्टर यांनी. शाळेत असताना त्या पाळलेली छोटी मगर वर्गात घेऊन गेल्या होत्या. प्रकृती इतकी नाजूक की विद्यापीठात जाणे जमले नाही. तरी १९२३ मध्ये त्या संग्रहालयातील सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाच्या प्रमुख झाल्या. १९२७ मध्ये उघडलेल्या त्यांच्या नव्या घरात दोन गोष्टी वेगळ्या होत्या. संपूर्ण इमारत सारखी तापवण्याऐवजी विजेच्या साहाय्याने प्रत्येक पिंजऱ्यात काही जागा अधिक उष्ण ठेवल्या. प्राण्याने हवी ती जागा निवडावी. दुसरे म्हणजे, अतिनील किरण आत येऊ देणारी खास काच वापरली, कारण खिडकीची साधी काच हाडांना लागणारे किरण जवळजवळ सगळे अडवते. प्रॉक्टर १९३१ मध्ये वयाच्या ३४ व्या वर्षी वारल्या. सरडा पाळण्याचा इतिहास लिहायचा झाला तर त्याचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे भाग त्यांच्या नावावर पाडावे लागतील.

त्यांनी जे अनुभवाने केले त्याचे शास्त्र १९४४ मध्ये आले. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील सरड्यांचे तापमान मोजले. ‘शीत रक्ताचे’ म्हणवले जाणारे हे प्राणी ऊन-सावलीत ये-जा करून दिवसभर आपले शरीर ठरावीक उष्णतेवर ठेवतात, हे त्यांनी दाखवले. याच कामातून दुसरेही उघड झाले: सावलीकडे जायची वाट बंद केली तर वाळवंटातला सरडाही भर उन्हात फार लवकर मरतो. काचेची पेटी ‘जरा ऊन मिळू दे’ म्हणून गच्चीवर ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये. पेटी काही मिनिटांत भट्टी होते, आणि काचेमुळे उपयोगाचे किरण आत येतच नाहीत. ऊन द्यायचेच तर जाळीचा पिंजरा हवा, त्यात अर्धी सावली हवी आणि शेजारी माणूस हवा, कारण आकाशात घार असते आणि कौलांवर मांजर.

जुन्नर परिसरातील सूर्य कसा चालतो याची नोंद लेण्याद्रीच्या डोंगरावर दगडात आहे. तिथल्या लेण्यांची तोंडे दक्षिणेला. डिसेंबरच्या शेवटी दुपारचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो आणि उन्हाची तिरीप ओसरीत खोल शिरते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकतो. तेव्हा कडा आणि कपाळपट्टी यांच्या सावलीत ओसरी थंड राहते. हिवाळ्याच्या सकाळी सूर्य खाली असताना त्याचे किरण हवेच्या जाड थरातून येतात. ऊब पोचते, अतिनील भाग बराचसा वाटेत गळतो. दगडावरचा सरडा सकाळी तापून घेतो आणि हाडांची शिधासामग्री त्याला दुपारकडे मिळते.

काचेच्या पेटीत हे सगळे एकाच टोकाला जुळवावे लागते. ऊन खाण्याच्या दगडावर पृष्ठभागाचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, दुसऱ्या टोकाला २५ च्या आसपास, रात्री २० पर्यंत उतरले तरी चालते. तापवणारा दिवा वरून हवा, खालून नव्हे. सरडा पाठीवर ऊन घेणारा प्राणी आहे आणि गरम दगडावर पोट भाजत असल्याचे त्याला वेळेवर उमगत नाही. यूव्हीबी किरण देणारी नळी त्याच गरम टोकावर, पेटीच्या निम्म्याहून थोडी अधिक लांब असावी. दोन्ही एकत्र हवेत याला कारण आहे: किरणांनी त्वचेत ड जीवनसत्त्वाची पूर्वावस्था तयार होते, पण तिचे जीवनसत्त्वात रूपांतर उष्णतेने होते. सूर्याने एकत्र दिलेल्या गोष्टी माणसाने दोन दिव्यांत वाटल्या. शरीर त्या पुन्हा एकत्र मागते.

या भागातल्या तरुणांना दिवा म्हटले की पोल्ट्रीचा ब्रूडर आठवेल. पिल्ले बल्बखाली गर्दी करू लागली तर थंडी, भिंतीकडे पळाली तर उष्णता जास्त, हे वाचन सरड्यालाही लागू पडते. सतत गरम टोकाला चिकटलेला किंवा सतत लांब कोपऱ्यात तोंड उघडून बसलेला सरडा तापमापकाआधी सांगतो. पण साम्य तिथे संपते. कोंबडीचे पिल्लू काही आठवड्यांत स्वतःची ऊब तयार करू लागते, आणि त्याच्या खाद्यात ड जीवनसत्त्व आधीच मिसळलेले असते. सरडा जन्मभर दिव्याचा आश्रित.

युरोपात लिहिलेल्या मार्गदर्शिका इथे सर्वाधिक फसवतात त्या एप्रिल-मेमध्ये. त्यांनी खोली २० अंशांची धरलेली असते. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात इथली खोलीच ३५ च्या पुढे जाते. तापवणारा दिवा लावला तर थंड टोक उरत नाही. म्हणून माणूस दिवे बंद करतो. उष्णता भरपूर आहे, आता कशाला? आणि त्याबरोबर यूव्हीबीची नळीही बंद होते. सरडा खातो, हिंडतो, सुदृढ दिसतो. काही महिन्यांनी जबडा रबरासारखा लवतो, पाय थरथरतात. नाशिकच्या पडद्याआडच्या मुलांचीच ही गोष्ट आहे, फक्त वाड्याच्या जागी पेटी आली. या दिवसांत तापवणारा दिवा कमी करावा किंवा बंद ठेवावा, नळी मात्र रोजचे बारा-चौदा तास चालू राहिली पाहिजे.

पावसाळ्यात उलटे. भीमाशंकरच्या बाजूला डोंगर आठवडेच्या आठवडे ढगांत असतो, आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात ओल भिंतीत मुरते आणि दोन्ही दिवे लागतात. हिवाळ्यात पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरला तर रात्रीसाठी प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर हवा, तोही थर्मोस्टॅटवर. लाल बल्ब नको. या सरड्याच्या डोक्यावर प्रकाश ओळखणारा एक ‘तिसरा डोळा’ असतो आणि रात्र म्हणजे काळोख हे त्याला कळते. वीज गेली तर एक रात्र गारवा सहन होतो. जेवण दिल्यावर लगेच गेली तर ते पोटात पडून राहते, म्हणून खाणे सकाळी द्यावे, संध्याकाळी नाही.

पैदास करणाऱ्यांसाठी उष्णतेचा आणखी एक खेळ आहे. अंडी ३२ अंशांहून जास्त उष्णतेत उबवली तर गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लेही मादी म्हणून बाहेर येऊ शकतात. ऑस्ट्रेलियाच्या रानातही असे घडते, हे २०१५ मध्ये सिद्ध झाले.

दुसरीकडे, या सगळ्याच्या मोहाने बांधावरची घोरपड घरी आणण्याचा विचार कोणाच्या मनात आला तर तो तिथेच सोडावा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ती आहे आणि तिला पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे.

राहता राहिली नळी. सरडे पाळणाऱ्यांसाठी खास यूव्हीबी नळ्या बाजारात रुळल्या त्या १९९० च्या दशकात. त्यांचा दोष असा की दिसणारा उजेड तसाच राहतो आणि न दिसणारे किरण हळूहळू विरतात. सहा महिने ते वर्षभरात, बनावटीप्रमाणे, ती बदलावी लागते. तोवर ती पहिल्या दिवसाइतकीच लख्ख पेटलेली असते. किरण मोजण्याचे यंत्र महाग, म्हणून जाणकार पाळणारे साधा उपाय करतात: नळी बसवली त्या दिवसाची तारीख तिच्या टोकावर मार्करने लिहून ठेवतात.