बिनपगारी पाच वर्षे

डॉक्टरेट हाती आली की संशोधनाचे दार आपोआप उघडते, अशी आपली समजूत असते. आम्हांला लीझे माइट्नर यांची हकीकत या बाबतीत फार बोलकी वाटते. १९०६ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाने त्यांना भौतिकशास्त्राची डॉक्टरेट दिली. पुढच्या वर्षी माक्स प्लांक यांची व्याख्याने ऐकण्यासाठी त्या बर्लिनला गेल्या. तेथे ऑटो हान हे रसायनज्ञ किरणोत्सर्गावर काम करीत होते आणि त्यांना भौतिकशास्त्र जाणणारा सहकारी हवा होता. पण एमिल फिशर यांच्या रसायनसंस्थेत स्त्रियांना मज्जाव! अखेर तळघरातली जुनी सुतारशाळा मिळाली. वरच्या प्रयोगशाळांत पाऊल टाकायचे नाही, या अटीवर. १९०८ मध्ये प्रशियाने विद्यापीठे स्त्रियांना खुली केली, त्यानंतरच ती अट उठली.

पगार मात्र नाहीच. वडील व्हिएन्नात वकील. घरून पैसे येत, त्यावर गुजराण. आमच्या गिरण्यांच्या फाटकांवर पहाटेपासून बदली कामगार तिष्ठत असत; पण आत घेतले, तर त्या दिवसाचा रोज तरी त्यांच्या पदरी पडे. माइट्नरबाई रोज काम करीत होत्या आणि हिशेबाच्या वहीत त्यांचे नावच नव्हते. वडील वकील नसून विणकर असते, तर त्या किती महिने टिकल्या असत्या?

१९१२ मध्ये हान दालेमच्या नव्या कैसर विल्हेल्म रसायनसंस्थेत गेले, तेव्हा बाईही गेल्या. पण प्रारंभी ‘पाहुण्या’ म्हणून, बिनपगारीच. त्याच वर्षी प्लांक यांनी त्यांना विद्यापीठात सहायक नेमले. पगाराची ही पहिली जागा. काम होते विद्यार्थ्यांनी सोडवलेली उदाहरणे तपासण्याचे.